सराव नावाचा फोल्डर

तिने पेनड्राइव्ह खोबणीत सरकवला, लॅपटॉपचं बटण दाबलं आणि एफ-बारा या कळीवर बोट टकटक आपटत राहिली. टेबलावर उताण्या पडलेल्या फोनमधून भाची ओरडली,

"मावशी, पटापट दाब! नाहीतर जुनीच सिस्टीम सुरू होईल."

"दाबतेय गं. बोट मोडायची वेळ आली."

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर धावत गेली. तीस वर्षं मुद्रितशोधन केलेल्या डोळ्यांनाही त्यातली एक ओळ धड वाचता आली नाही. मग पडदा उजळला आणि खालच्या कोपऱ्यात मेनूचं बटण दिसलं.

"आलं!" ती म्हणाली आणि स्वतःच्याच आवाजाने दचकली.

प्रकाशकाने प्रुफं कागदावर पाठवणं बंद केलं होतं. घरात होता तो मास्तरांचा लॅपटॉप, कपाटात धूळ खात पडलेला. मास्तर म्हणजे तिचा नवरा. शाळेत गणित शिकवायचे. मुलांच्या गोंगाटाला कंटाळलो म्हणून दोन वर्षं आधीच निवृत्त झाले. "पासवर्ड विसरलोय. त्यात काही नाही, पुसून टाक," म्हणाले होते. नवी विंडोज त्या म्हाताऱ्या यंत्राला झेपणारी नव्हती, तेव्हा भाचीने लिनक्स ही दुसरी, हलकी सिस्टीम सुचवली आणि वर तिच्या तीन प्रकारांची नावं दिली: उबुंटू, फेडोरा, मिंट. आठवडाभर ती तिन्हींबद्दल वाचत बसली. जितकं वाचावं तितका गुंता वाढे. शेवटी मिंट घेतलं, कारण चित्रातला मेनू ओळखीचा वाटला.

"लग्नं याहून कमी विचारात ठरतात," भाची तेव्हा हसली होती. आता ती म्हणाली, "घाई करू नकोस हं. हे नुसतं पेनड्राइव्हवरून चालतंय, डिस्कला अजून हात लागलेला नाही. फाइली उघडून बघ, आवाज येतो का बघ. सगळं पटलं की इन्स्टॉल कर आणि 'डिस्क पुसा' निवड."

तिने फाइलींची खिडकी उघडली. डाव्या बाजूला डिस्कचं एक चिन्ह होतं. सहज म्हणून तिने त्यावर टिचकी मारली, आणि मास्तरांचं नाव असलेला फोल्डर समोर आला. त्यावर टिचकी मारली. तोही उघडला.

"अगं, पासवर्ड नाही विचारला याने."

"नाहीच विचारणार. तो पासवर्ड जुन्या सिस्टीमचा पहारेकरी. आपण मागच्या दाराने आलोय."

स्वयंपाकघरात नळ वाहत होता. मास्तर भांडी घासत होते. कुणाची तरी बंद खोली उघडून आपण उंबऱ्यात उभ्या आहोत असं तिला वाटलं. मागे फिरावं हेही वाटलं. पण एका फोल्डरचं नाव होतं 'सराव', आणि आत एकसष्ट व्हिडिओ.

पहिला उघडला. पडद्यावर ती स्वतः होती.

ओले केस, खांद्यावर टॉवेल, जेवणाच्या टेबलाशी बसून काहीतरी बोलत होती. कॅमेरा समोरच्या फळीवर कुठेतरी टेकवलेला असावा. दुसरा उघडला: तीच, हातवारे करत. तिसऱ्यात चिडलेली. चौथ्यात फक्त तिचं तोंड, पडदाभर. तारखा तीन वर्षांपूर्वीपासूनच्या.

चोरून? आपल्याला? कुणाला दाखवायला? वय झालं, बायको काहीबाही बडबडते, असं डॉक्टरला दाखवायला? पुरावा गोळा करावा तसा हा माणूस तीन वर्षं आपल्यासमोर जेवत बसला होता.

एकाही व्हिडिओतून आवाज मात्र येत नव्हता.

"आवाज येत नाही गं," ती कसंबसं म्हणाली.

"नव्या माणसाला लिनक्समध्ये पहिली अडचण हीच येते. साउंडची सेटिंग उघड. तिथे चाचणीचं बटण आहे."

तिने बटण दाबलं. डावीकडच्या स्पीकरमधून एक बाई खणखणीत बोलली, मग उजवीकडच्या.

"वाजतंय की! मग त्या फाइलीतच आवाज नसेल. कुणीतरी काढून टाकला असेल."

"बरं. ठेवते मी."

"मावशी, काय झालं?"

"काही नाही. ठेवते."

तिने पुन्हा पहिला व्हिडिओ लावला आणि स्वतःच्या ओठांकडे बघत राहिली. आपण काय म्हणतोय ते तिचं तिलाच कळेना. व्हिडिओंच्या खाली एक 'नोंदी' नावाची फाइल होती. ती तिने उघडली.

*प, ब, म ओठांवर सारखेच. पीठ म्हणाली की मीठ, ते ओळखता येत नाही. कुठला डबा रिकामा आहे ते आधीच बघून ठेवणे.*

*क, ग, ह दिसतच नाहीत. अंदाज करणे.*

*पाठमोरी बोलली तर 'बघू' म्हणणे.*

*डॉक्टर: डावा कान पूर्ण गेला. ऊजवा निम्मा. वर्गात आता जमणार नाही.*

'ऊजवा' मधला दीर्घ ऊ तिला दिसला. सवयीने बोट तिथे गेलं आणि तिथेच राहिलं. 'बघू' या एका शब्दावरून या घरात जितकी भांडणं झाली तितकी दुसऱ्या कशावरूनही झाली नव्हती. तुम्हाला माझ्याशी बोलायचंच नसतं, असं ती किती वेळा म्हणाली असेल! त्यातलं त्यांना किती कळलं असेल?

ती उठली. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाली, "अहो."

मास्तर भांडं विसळत राहिले.

"अहो!" ती मोठ्याने म्हणाली. नळ वाहतच होता.

ती ओट्याला वळसा घालून त्यांच्यासमोर, खिडकीशी गेली. उजेड तिच्या पाठीमागून येत होता. मास्तरांनी डोळे बारीक केले आणि नकळत एक पाऊल बाजूला सरकले, तिचा चेहरा उजेडात यावा म्हणून. किती सराईतपणे! तिला हुंदका आवरेना.

"स-ग-ळं पा-हि-लं मी," ती एकेक अक्षर तोडत, तोंड मोठं करून म्हणाली. "स-रा-व."

मास्तरांनी नळ बंद केला. पुसायला काही हाताशी नव्हतं, म्हणून ओले हात तसेच धरून उभे राहिले.

"पुसायचं होतं ना ते," ते म्हणाले.

"सां-गि-त-लं का ना-ही?"

बराच वेळ ते तिच्या ओठांकडे बघत होते.

"माझ्या वडिलांचं असंच झालं होतं," ते म्हणाले. "आधी आम्ही सगळे त्यांच्याशी ओरडून बोलायचो. मग कामापुरतं बोलायचो. मग कुणी बोलेचना. आणि असं तोडून बोलू नकोस गं. ते मला येत नाही. तू जशी बोलतेस, तेवढंच शिकलोय मी."

ती स्टुलावर बसली. पदराने तोंड पुसलं आणि बोलायला लागली, तिच्या वेगाने, मध्ये श्वास न घेता. डॉक्टरकडे एकटे गेलात, शाळा सोडलीत, आणि मी मेली इथे रोज तुमच्या नावाने शंख करतेय, तेही कॅमेऱ्यासमोर. लाज कशी नाही वाटली, निदान केस तरी विंचरले असते. मास्तर तिच्यासमोर खाली बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे. मध्येच त्यांनी ओला हात वर केला.

"थांब," ते म्हणाले. "हे नाही कळलं मला. परत म्हण."

ती परत म्हणाली.