शेंदूर बकुळेलाच का उतला?

धारच्या मुंज तलावाकाठी अख्खी आळी लोटली होती. देवीचा पुजारी शालिग्रामबुवा पाटावरून गरजत होता, "देवीची नथ ज्यानं चोरली, त्याच्या मनगटावर शेंदूर पेटेल! आई खोटं बोलत नाही!" मग एकाच वाटीतला शेंदूर त्यानं काडीनं सगळ्यांना लावला. दोन दिवसांनी फोड आले ते एकट्या बकुळेला.

झालं! तिचा दीर उदाजीराव कडाडला, "नवरा गेल्यावर हिनं देवालाही सोडलं नाही! चल नीघ, जमिनीतला वाटाही विसर!"

"चमत्कार है, भिया!" आळीतल्या हलवायानं हात जोडले.

बकुळा माझ्याकडे रडत आली. "मास्तर, नथेला मी हातसुद्धा लावला नाही हो." माझं डोकंच फिरलं. माझे स्नेही डॉक्टर भास्करराव देवासला असतात. त्यांना बोलावून घेतलं आणि सगळ्यांना पुन्हा तलावावर जमवलं.

त्यांनी वाटी न्याहाळली. "बुवा, बोटानं का नाही लावत?"

"देवीचं तेज आहे. बोट जळेल!"

"अरे वा, म्हणजे नथ तुम्हीच ढापलीत?" असं म्हणत त्यांनी बुवाचं मनगट धरून शेंदराचा पट्टा ओढला.

महाराज टुणकन उडाले. "मेलो! खोबरेल आणा रे! मला बिब्बा उततो!"

बकुळा हळूच म्हणाली, "मलाही उततो. गेल्या साली टाचेच्या भेगांना बिब्बा घातला, तर पाय सुजून अंथरुणाला खिळले होते. भाऊजींनीच वैद्य आणला होता."

उदाजीराव जमीन बघू लागला. बुवानं घाबरून त्याच्याकडेच बोट दाखवलं. लोकांनी घर झडलं, तर नथ त्याच्याच पेटीत निघाली.

डॉक्टर म्हणाले, "शेंदरात बिब्ब्याचं तेल आहे. काहींच्या अंगातल्या पहारेकरी पेशी त्याला एकदा वैरी म्हणून ओळखून ठेवतात. पुन्हा कातडीला लागलं की त्या धावून येतात, पण जमायला दिवस-दोन दिवस लागतात. फोड येतात ते त्यांच्या मारामारीनं. यात पाप कुठलं?"

"धन्य आई! बुवालाच पकडलं!" हलवायानं पुन्हा हात जोडले.

आता मात्र मी भडकलो. "अरे गाढवांनो, आईला कशाला ओढता यात? बिब्ब्याला चोर आणि साव कळतो होय? निदान वाटीत काय आहे, एवढं तरी विचारायचं होतं!"

त्या दिवशी शेंदूर लावून घ्यायला रांग लागली होती. बकुळेची माफी मागायला एकही माणूस पुढं आला नाही.