लाल दिव्यापुढे दोन नावं

"ए चोरपकड्या, तू स्वतः कधी चुकतोस का रे?"

मधल्या सुट्टीत बँकेच्या कॅमेऱ्यात तोंड खुपसून शाळकरी सिएनीने मला हे विचारलं. मैत्रिणींनी पैज लावली होती. त्या दाराबाहेर तोंड दाबून हसत होत्या. पण उत्तर द्यायला मला तोंडच नाही, मित्रांनो. एक हिरवा दिवा आणि एक लाल, एवढीच माझी वाचा.

मी बेटावरच्या आपिया शहरातल्या बँकेतला, लबाडी ओळखणारा प्रोग्राम आहे. माझा जन्म समुद्रापलीकडचा. तिथल्याच माणसांचे व्यवहार दाखवून मला शिकवलं गेलं: चेहरा तोच आणि नाव निराळं, म्हणजे लबाड! इथे मी खरेखुरे भामटे पकडले. काय ते कौतुक! माझ्या नावाने केकसुद्धा कापला. खाल्ला मात्र साहेबांनी. मग हळूहळू माणसांनी स्वतः बघणंच सोडलं.

त्याच आठवड्यात सिएनीचे आईबाबा आले. आईच्या कडेवर धाकटा आयोआने. त्याच्या हृदयाचं ऑपरेशन ऑकलंडला ठरलं होतं आणि विमानाची तिकिटं त्याच दिवशी घ्यायची होती.

"या, पेलेनाटोदादा... अगबाई! आता मुलिआतोआ म्हणायचं, नाही का?" काउंटरवरची रूता म्हणाली.

आदल्याच दिवशी गावाने बाबांना सरदारकी दिली होती. सगळ्यांसमोर आवा हे मानाचं पेय पिऊन त्यांनी नवं नाव घेतलं होतं. आता जुन्या नावाने हाक मारणं म्हणजे अपमानच.

बाबांनी ऐटीत नव्या नावाने सही केली. मी लाल झालो.

"जुन्या नावाने करून बघा ना, एकदाच," रूता कुजबुजली.

मान खाली घालून बाबांनी ते टाकलेलं नाव पुन्हा लिहिलं. एकाच चेहऱ्याची दोन नावं! मी खातंच गोठवलं.

"अगं, चर्चमध्ये तू माझ्या मागच्याच बाकावर बसतेस!" बाबा म्हणाले.

"बसते हो. पण याच्यापुढे माझं चालत नाही. साहेबांचंही नाही. परदेशातल्या मुख्य कचेरीला कळवलंय."

आयोआनेचे ओठ निळे पडले होते. मला ते दिसत होते. त्याचा अर्थ मला कुणी शिकवलाच नव्हता.

विमान गेलं. आज सगळे पुन्हा आले, सिएनीही. तिकडून उत्तर एकच: तपासणी चालू आहे.

मित्रांनो, मला लाल दिवा लावायला शिकवलंत ना? मग तो विझवायचा हक्क तरी एखाद्या माणसाकडे राहू द्या. मला नाही हो विझवता येत.

"चल, सिएनी," आई थकून म्हणाली.

सिएनीने काउंटरसमोर चटई अंथरली आणि ती मांडी ठोकून बसली. आज दाराबाहेर कुणी हसत नव्हतं.

"आई, बाबा, तुम्ही जा. तिकडचा माणूस फोनवर येऊन बाबांना मुलिआतोआ म्हणेपर्यंत मी इथून हलणार नाही."