पट्ट्यानं फाडलेली हलगी

मी हलगी बोलतेय. कान झाकायची गरज नाही, माझा आवाज जाऊन तीन वर्षं झाली.

माझा जन्म सुरीखालचा. गारगोटीच्या बाजारातला बोकड कापला, मटण ज्याचं त्यानं नेलं, कातडं हलग्या बनवणाऱ्या उचगावच्या आकारामनं. ते चुन्यात मुरवलं, केस खरवडले, लोखंडी कड्यावर ताणलं. मरताना तो बोकड ओरडला नसेल एवढी मी टिपरूच्या, म्हणजे वाजवायच्या काडीच्या, पहिल्या फटक्याला ओरडले. ही नव्वद सालची गोष्ट.

मला चिमणाबाईनं विकत घेतलं. नदीकडच्या पेठेत ती पोरींना मर्दानी खेळ शिकवायची. लाठी, तलवार, पट्टा म्हणजे दांडपट्टा. वाजवायला कोण येईना, म्हणून मला तिनं स्वतःच गळ्यात अडकवलं.

"अक्का, बाईमाणसानं हलगी बडवायची म्हंजे..." गल्लीतला एकजण म्हणाला.

"मग तुला बडवू?"

त्याचं वाक्य अजून पुरं व्हायचंय.

पंधरा वर्षं तिनं मला रोज जाळावर शेकलं आणि रोज मारलं. माणसाची जातच तशी, ज्याला जपणार त्यालाच मारणार. माझी लय चढली की पोरींची पाती चढायची. शेवटाला मात्र मी गप्प. पोरींतली शांभवी जमिनीवर उताणी झोपायची, गळ्यावर लिंबू. चिमणाबाई पट्टा फिरवायची. लिंबाच्या दोन फोडी, गळ्यावर ओरखडा नाही. असा तो हात.

दोन हजार पाचला पंचगंगा आमच्या खोलीत शिरली. तलवारी, पट्टे आठवडाभर चिखलात पडून गंजले, वेताच्या ढाली कुजल्या. मी माळ्यावर, कोरडी ठणठणीत. तेच नडलं.

पुण्याची एक संस्था कलापथकांना तातडीची मदत वाटत होती. त्यांचा माणूस आला, नाकाला रुमाल लावून म्हणाला, "हत्यारांना आम्ही काही देत नाही. एखादं वाद्य खराब झालं असेल तर सांगा. परवा फोटो काढायला येतो."

तो गेल्यावर पथकाचा अध्यक्ष हंबीरराव म्हणाला, "अक्का, हलगी फाडूया. पुरात गेली म्हणायचं. त्या पैशात पट्टे येतील. न्हायतर पोरी दसऱ्याला काय लाटणी घिऊन खेळणार?"

आणि त्यानं कोयता उचललाच. चिमणाबाईनं त्याचं मनगट असं पिरगळलं की कोयता खाली आणि हंबीरराव गुडघ्यावर. मला वाटलं, सुटले.

"तुझा हात लागायचा न्हाय हिला," ती म्हणाली. "माझी हाय. मीच फाडणार."

गंजका पट्टा तिनं हातात चढवला. ज्या हातानं पंधरा वर्षं गळ्यावरचं कातडं राखलं, त्याच हातानं माझं कातडं या कडेपासून त्या कडेपर्यंत चिरलं. मग चिरेत मूठभर चिखल कोंबला. फोटो झकास आला.

मदत मिळाली. नवे पट्टे आले, ढाली आल्या आणि पावती दाखवायला प्लास्टिकची एक हलगी. बाकीच्या पावत्या हंबीररावानं कुठनं पैदा केल्या ते मला विचारू नका.

दसऱ्याला शांभवी खेळता खेळता थांबली. "अक्का, हिच्यावर पाय उचलंना झालाय."

"उचलंल की. न उचलून जातोय कुठं?" म्हणत चिमणाबाईनं टिपरू असं हाणलं, असं हाणलं, की चौथ्या फेरीला प्लास्टिक मधोमध तडकलं. तिनं ते गटारात भिरकावलं. खेळ तिथंच संपला.

तेव्हापासून पोरी टाळ्यांवर खेळतात आणि मी खिळ्याला. कातडं बदलायचं म्हटलं की हंबीरराव म्हणतो, "तपासणीला येत्याल. फाटकीच दिसाय पायजे." तीन वर्षांत चिटपाखरू फिरकलेलं नाही.

चिमणाबाई, तुझ्यावर राग नाही म्हणाले तर खोटं होईल. राग आहे, पण तो काढायला तोंड तूच फाडलंस. त्या हंबीररावाला बाजूला सार. मला खाली काढ, दुसरं कातडं ताण, जाळावर धर. आणि मग मार. बघूया आधी कोण थकतंय.