बिल्ला क्रमांक ४७ : एका नामावलीचं निवेदन

विषय : बोगद्याच्या पूर्वेकडील तोंडावरच्या कामगार-नामावलीतील सत्तेचाळिसावी ओळ.
संदर्भ : हजेरीमास्तरांचा दुसरा अर्ज व सोबत जोडलेली नामावलीची छापील प्रत, पानं सहा.

उपरोक्त विषयी निवेदन करते की ती नामावली मीच. सहा पानं ही माझी छापील सावली. मी स्वतः कॉम्प्युटरमधली एक साधी मजकुराची फाईल आहे. माझ्याविषयी आजवर नऊ जणांनी जबाब दिले. माझा कुणी मागितला नाही, म्हणून न मागता देते आहे.

माझा जन्म बोगद्याच्या तोंडावरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये झाला. हजेरीमास्तर तिथे बसत. त्यांना दोन बोटांनी टाइप करता येई, तेही बोटांकडे बघत. नवा कामगार आला की ते त्याला स्टुलावर बसवत, नाव विचारत, टाइप करत आणि मग पडदा त्याच्याकडे वळवून म्हणत, "वाच. तुझंच आहे का बघ." ज्याला वाचता येत नसे त्याला ते वाचून दाखवत. अशा दोनशे बारा ओळी माझ्यात होत्या. प्रत्येक ओळीत आधी बिल्ल्याचा आकडा, मग नाव.

आत जाताना कामगार गळ्यातला बिल्ला दारावरच्या यंत्राला टेकवी, बाहेर येतानाही टेकवी. यंत्र फक्त आकडा आणि वेळ टिपत असे. त्या आकड्याचा माणूस कोण, हे एकट्या मला ठाऊक. काम सोडून गेलेल्याचा बिल्ला दुसऱ्याच्या गळ्यात पडे, तेव्हा मास्तर माझ्यातलं जुनं नाव खोडून नवं घालत. कागदी हजेरीपुस्तक त्याआधीच बंद झालं होतं. तसं परिपत्रक निघालं होतं, आणि परिपत्रकाची प्रत मात्र कागदी होती.

आता थोडं माझ्या प्रकृतीविषयी. कॉम्प्युटरला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर म्हणायचं, याचे तक्ते ठरलेले असतात. त्यालाच एन्कोडिंग म्हणतात. माझा तक्ता युनिकोडचा. वाचणाऱ्यानं तोच तक्ता समोर धरला की नावं दिसतात. दुसरा धरला तर वेड्यावाकड्या चिन्हांच्या रांगा दिसतात. पण तेवढ्यानं माझं काही बिघडत नाही. दुसऱ्याचा चष्मा चढवला म्हणून पुस्तक फाटत नाही.

एका सोमवारी केबिनमध्ये नवा कॉम्प्युटर आला; मला त्यात उतरवून जुना पुसून परत नेला. मला कोणत्या तक्त्यानं वाचायचं, हे हजेरीच्या प्रोग्रॅममध्ये कुणी लिहिलंच नव्हतं. जुन्या कॉम्प्युटरचा तक्ता माझाच होता, म्हणून आजवर निभावलं होतं. नव्याचा वेगळा निघाला आणि पडद्यावर चिन्हांचा उकिरडा दिसू लागला. मास्तरांनी मुख्य कार्यालयाला फोन केला. मंगळवारी प्रोग्रॅमर आला.

माणूस वाईट नव्हता. चाळिशीतला, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणारा. एकाच वेळी चार कामं त्याच्या गळ्यात. त्यानं मला आपल्या लॅपटॉपवर उघडलं, तर त्याच्या पडद्यावर मी लख्ख दिसले.

"फाईल ठणठणीत आहे, मास्तर," तो म्हणाला. "प्रोग्रॅम चुकीचं वाचतोय."

"मग प्रोग्रॅमला सांगा."

"एकच ओळ घालायची आहे. पण प्रोग्रॅमला हात लावायचा तर तीन सह्या लागतात, आणि चाचणीला आठवडा. फाईलला सही लागत नाही. फाईलच बदलतो."

ज्याला सही लागत नाही ते आधी बदलायचं, ही रीत मी पुढेही पुष्कळ पाहिली. प्रोग्रॅमला जो तक्ता कळतो त्याच तक्त्यात मला सेव्ह करायचं त्यानं ठरवलं. त्या तक्त्यात आपली अक्षरंच नाहीत. पडद्यावर सूचना आली : 'या फाईलमधली काही अक्षरं टिकणार नाहीत. पुढे जायचं?' तेव्हा तो दुसऱ्या साइटशी फोनवर बोलत होता. बोलता बोलता त्यानं 'हो' दाबलं.

'काही अक्षरं' म्हणजे सगळी. ज्या अक्षराला त्या तक्त्यात जागा नव्हती, त्याच्या जागी एक प्रश्नचिन्ह बसलं. उकिरड्यातून नावं परत निवडून काढता आली असती. प्रश्नचिन्हांतून काहीच निघत नाही. बिल्ल्यांचे आकडे इंग्रजीत होते; ते प्रत्येक तक्त्यात सारखेच असतात, म्हणून तेवढे वाचले. त्याच्या पडद्यावर मात्र मी अजून जुनीच दिसत होते, कारण त्यानं मला बंद करून पुन्हा उघडलं नाही. तशीच मला प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये टाकलं, ते सगळं केबिनच्या कॉम्प्युटरवर चढवलं आणि गाडी गाठायला गेला. केबिनमधली जुनी मी माझ्याच खाली गाडली गेले.

मास्तरांनी प्रोग्रॅम सुरू केला. एक, प्रश्नचिन्हं. दोन, प्रश्नचिन्हं. त्यांनी परत फोन लावला.

"शुक्रवारपर्यंत मी दुसरीकडे आहे," प्रोग्रॅमर म्हणाला. "आकडे दिसतायत ना?"

"दिसतायत."

"मग हजेरी अडत नाही."

"आकड्यांची लागेल, साहेब. माणसांची कशी लावू?"

"सोमवारी येतो, मास्तर. नक्की."

मास्तरांनी एक वही घेतली. पाळी बदलताना दारापाशी उभं राहून ते एकेकाला बिल्ला आणि नाव विचारू लागले. पंधरा वर्षं ओळखीचे लोक त्यांची टिंगल करू लागले. एक सुरुंगवाला म्हणाला, "काय मास्तर, आता आमचं बारसं परत करणार का?" मास्तर म्हणाले, "गुपचूप नाव सांग, नाहीतर माझ्या मनाचं ठेवीन." रांग हसली. गुरुवारी दुपारपर्यंत वहीत एकशे त्रेसष्ट नावं झाली.

गुरुवारच्या रांगेत सत्तेचाळीस नंबर चौथा होता. तीन दिवसांपूर्वी लागलेला. ठेकेदाराचा माणूस, उंच, हेल्मेट डोक्यावर ठरत नव्हतं म्हणून एका हातानं धरून उभा. सोमवारी सकाळी, नवा कॉम्प्युटर यायच्या आधी, मास्तरांनीच त्याला स्टुलावर बसवून त्याचं नाव माझ्यात घातलं होतं. त्याच्या पुढचे तिघं झाले आणि आतून मुकादम ओरडला की पाळीला उशीर होतोय.

"जा," मास्तर म्हणाले. "तुझं उद्या घेतो."

शुक्रवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी बोगद्याचं छत बसलं.

यंत्रात अकरा आकडे आत गेलेले होते, बाहेर आलेले नव्हते. दहांची नावं वहीत सापडली. अकरावा सत्तेचाळीस. साइटच्या साहेबांनी मला उघडायला लावलं. मी उघडले आणि सत्तेचाळिसाच्या पुढे चौदा प्रश्नचिन्हं दाखवली. सगळे माझ्याकडे असे बघत होते, जणू मी मुद्दाम तोंड शिवून बसले आहे.

एकोणीस दिवसांत दहा मृतदेह निघाले. सत्तेचाळिसाबरोबर काम करणारे त्या दहांतच होते. बाकीच्यांच्या लेखी तो नुसता 'नवा' होता. ठेकेदारानं हात झटकले. "तो आदल्या दिवशीच पळाला. कागदसुद्धा दिले नव्हते त्यानं. बिल्ला कुणीतरी गमतीत टेकवला असेल."

मुख्य कार्यालयात माझी एक तीन महिन्यांपूर्वीची प्रत सापडली. तिच्यात सत्तेचाळीस नंबरपुढे एक नाव स्वच्छ होतं. तो बिल्ला आधी ज्याचा होता, त्या ड्रिलवाल्याचं. तो काम सोडून आता मालाची गाडी चालवत होता. चौकशी अधिकाऱ्यांनी त्याला बोलावून घेतलं.

"तुम्ही अपघाताच्या दिवशी आत होतात?"

"आत असतो तर इथे कसा असतो, साहेब?"

"म्हणजे तुम्ही जिवंत आहात."

"घरी विचारून घ्या. पण मला तसं वाटतं."

"तसं लिहून द्या."

त्यानं लिहून दिलं. अहवालात ओळ आली : 'उपलब्ध नामावलीनुसार बिल्ला क्रमांक ४७चा धारक हयात असून त्याने समक्ष जबाब दिला आहे.' माणूस हयात असल्यामुळे त्याला शोधायचं कारण उरलं नाही. खोदकाम थांबलं. पडलेला भाग काँक्रीटनं बंद करायचा आणि बोगदा बाजूनं वळवून न्यायचा, असं ठरलं.

सहाव्या दिवसापासून एक बाई दारापाशी येऊन बसत होती. ती सत्तेचाळीस नंबरची बहीण. इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची. मनगटांवर भाजल्याचे जुने डाग. भावानं तिला फोनवर सांगितलं होतं, सत्तेचाळीस नंबर मिळाला म्हणून. फोनवरचं बोलणं पुरावा होत नाही, असं तिला समजावण्यात आलं. तेव्हा तिनं माझं पान मागून घेतलं. सत्तेचाळिसाव्या ओळीवर बोट ठेवलं आणि भावाचं नाव हळूहळू पुटपुटत, एका अक्षराला एक, एका काना-मात्रेला एक, अशी प्रश्नचिन्हं मोजली. चौदा भरली.

"बाई, चौदा चिन्हांची नावं हजारो असतील," अधिकारी म्हणाले.

"असतील. पण त्यातला माझा भाऊ एकच परत आला नाही."

"तुमच्या भरपाईचं नंतर बघता येईल."

"भरपाई कुणी मागितली, साहेब? मी खणा म्हणते."

अधिकाऱ्यांनी मास्तरांकडे वळून विचारलं, "हे नाव तुम्हीच टाइप केलं होतं. बाईंनी सांगायच्या आधी तुम्हाला आठवत होतं का?"

मास्तर नाकासमोर चालणारे. चेहरा आठवत होता, हेल्मेट धरलेला हात आठवत होता, 'उद्या घेतो' हे स्वतःचे शब्द तर कानातून जात नव्हते. पण नाव आठवत नव्हतं. ते म्हणाले, "नाही." तसं टिपून घेण्यात आलं.

बाहेर व्हरांड्यात ती त्यांच्या मागे आली.

"मास्तर, एवढं म्हणा की आठवतं. दुसरं काही मागत नाही."

"ताई, न पाहिलेल्या माणसाची हजेरी मी एकतीस वर्षांत कधी लावली नाही."

"मग पाहिलेल्याची लावा. पाहिलं होतं ना त्याला?"

मास्तर चालू लागले. मी त्यांच्या बगलेत घडी होऊन होते.

त्या रविवारी त्यांनी घरच्या जेवणाच्या टेबलावर दुसरा अर्ज लिहिला : 'सत्तेचाळिसाव्या ओळीतील नाव मला संपूर्ण आठवत असून ते पुढीलप्रमाणे आहे.' खाली बहिणीनं सांगितलेलं नाव. मास्तरीणबाईंनी डाळ निवडता निवडता तो वाचला.

"खरंच आठवलं?"

"चेहरा आठवतो."

"मी नावाचं विचारतेय."

मास्तरांनी पेन टेबलावर ठेवलं. बाईंनी बोटानं दोन खडे बाजूला केले आणि पेन त्यांच्याकडे सरकवलं. म्हणाल्या, "करा सही. आयुष्यभर खरं लिहून काय वर आलं ते बघतोच आहोत."

मला कुणी विचारलंच, की त्यांनी लिहिलेलं नाव बरोबर आहे का, तर मलाही सांगता येणार नाही. माझ्या पोटात आता नाव नाही. चौदा वेळा काढलेलं एकच चिन्ह आहे. प्रोग्रॅमरचं मत मागवण्यात आलं होतं, मूळ अक्षरं परत मिळतील का म्हणून. त्यानं मोठ्या कागदावर एकच शब्द लिहून पाठवला : 'नाही.' खाली सही, तारीख. तो आता इथे येत नाही. आला होता तेव्हा केबिनमध्ये उभा राहून मास्तरांना काहीतरी सांगायला बघत होता. मास्तरांनी त्याला स्टूल दिलं, पाणी दिलं; ते पिऊन तो निघून गेला.

माझी स्वतःसाठी मागणी नाही. मला पुसून टाकलं तरी हरकत नसावी. विनंती एवढीच, की माझ्यात नाव नाही याचा अर्थ आत माणूस नाही, असा लावू नये. मी नावं ठेवायला होते. माणसं ठेवायचं काम माझ्याकडे कधीच नव्हतं.

सद्यःस्थिती अशी : प्रोग्रॅममध्ये ती एक ओळ घातली गेली आहे, तिन्ही सह्या झाल्या. मास्तरांचा पहिला जबाब आणि दुसरा अर्ज यांत विसंगती असल्याचा शेरा मारून त्यांच्याकडून खुलासा मागवला होता. तो त्यांनी मुदतीत दिला. चौकशी अधिकाऱ्यांची बदली झाली असून नवे अजून रुजू झालेले नाहीत. काँक्रीटचं काम सोमवारपासून सुरू आहे. बहीण दर बुधवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, येऊन आवक विभागात विचारून जाते. अर्ज प्रलंबित आहे.