समोरच्यापेक्षा उंच

दोन मालकांची चुरस लागली की जीव कोणाचा टांगणीला लागतो, हे सांगायला ज्योतिषी नको. रस्त्याच्या या बाजूला एक टॉवर वर चढत होता, त्या बाजूला दुसरा. शहरात सगळ्यात उंच कोण, एवढाच वाद! इमारत वाढली की क्रेनही वर सरकवायची, आणि क्रेनच्या टोकाला काचेच्या केबिनमध्ये बसलेला माणूसही तिच्याबरोबर वर. त्याला विचारतंय कोण?

साइटवर त्याला सगळे 'घार' म्हणायचे. उभा जन्म उंचावर गेलेला. पण मागच्या खेपेला क्रेन वर सरकवली आणि कुठेतरी बिनसलं. पहिल्याच सकाळी त्यानं खाली पाहिलं आणि क्रेनचा दांडा सोडून खुर्चीच घट्ट धरली. हातापायांना घाम फुटला. घारीला उंचीची भीती! इंजिनीअरला सांगावं, तर दुपारच्या आत खुर्चीत दुसरा. बायकोला सांगावं, तर ती घराबाहेर पाऊल टाकू देणार नाही. गडी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात राहिला.

त्याला तारलं मेव्हण्यानं, तेही नकळत. बायकोचा हा धाकटा भाऊ, माल जिथे उतरायचा तिथे उभा राहून वॉकीटॉकीवर इशारे द्यायचा. काम सगळं इमारतीच्या मागच्या अंगाला, केबिनमधून तिथलं काही दिसायचं नाही. "येऊ द्या दाजी... अजून... डावीकडे... बस्स!" एकदा घारीनं सहज डोळे मिटले. उंची गेली, रस्ता गेला, उरला नुसता मेव्हण्याचा आवाज. बरं वाटलं हो! आणि एकदा बरं वाटल्यावर माणूस कसला थांबतोय?

आज सकाळी गेटवरच मेव्हण्यानं बॉम्ब टाकला. "दाजी, उद्यापासून मी समोरच्या टॉवरवर. मोठी जागा देतायत."

"बहिणीच्या घरचं मीठ खाऊन समोरच्यांना मिळालास?"

"वा! हा टॉवर काय तुमच्या बापाचा आहे?"

टॉवर गेला खड्ड्यात! घारीला रडू येत होतं ते आवाजासाठी. उद्या कानात कोणीतरी परका बोलणार. मग डोळे उघडे ठेवावे लागणार, आणि ते जमलं नाही तर? तडतडतच तो वर चढला. बसल्या जागी चुळबुळ, एका ठिकाणी हात टिकेना.

त्यातून आज काम पुढच्या बाजूला आलेलं. माल समोर दिसू लागला की बोलणं बंद, पुढचे इशारे हातानं, ही या धंद्यातली रीत. घारीला ती पाठ होती. पण सळ्यांचा भारा जमिनीवरून उचलला, मेव्हण्याचं "येऊ द्या" ऐकलं आणि सवयीनं डोळे मिटले.

"येऊ द्या दाजी... येऊ द्या..."

मग काहीच नाही. बोलघेवडा मेव्हणा गप्प कसा? घारीनं डोळे उघडले. भारा सरळ मेव्हण्याच्या छातीवर निघाला होता. मेव्हणा पंजा उगारून 'थांबा, थांबा' करत होता. मागे कठडा, सरकायला जागा नाही.

घारीनं दांडा ओढला. भारा हेलकावला, मेव्हण्यापासून हातभर अंतरावर झुलला आणि मागे आला.

"ऊन डोळ्यांवर आलं असेल," इंजिनीअर वॉकीटॉकीवर म्हणाला. "होतं असं कधीकधी. उतरवा तो भारा आणि पुढचा घ्या, समोरचे मजलाभर पुढे गेलेत."

खोटं आयतं हातात आलं होतं. नुसतं "हो साहेब" म्हटलं असतं तरी भागलं असतं. घारीनं समोर पाहिलं. मेव्हणा मटकन खाली बसला होता, पंजा अजून वरच होता.

"ऊन नव्हतं साहेब. मी डोळे मिटले होते. मला भीती वाटते इथे." त्यानं भारा सावकाश, उघड्या डोळ्यांनी खाली टेकवला. "दुसरा माणूस पाठवा. मी उतरतोय."

एकेक पायरी धरत तो शिडीवरून उतरला. खाली मेव्हणा येऊन उभाच होता, पांढराफटक.

"मारलंच असतं मी तुला," घार म्हणाला आणि त्याला रडू फुटलं.

"कधीपासून चाललंय हे?"

"क्रेन वर सरकवल्यापासून. ताईला सांगू नकोस रे."

"ताईला?" मेव्हणा बघतच राहिला. "समोर जाऊ नकोस, त्यांच्या कानाशी राहा, म्हणून आठवडाभर तीच माझ्या हातापाया पडतेय. का, ते काही सांगेना. मी म्हटलं, नवऱ्याचं कौतुक!"

हल्ली रात्री घार दचकून उठायचा तेव्हा बायकोचं मनगट त्याच्या मुठीत आवळलेलं असायचं, आणि ती हळूच म्हणायची, "झोपा, जमिनीवरच आहोत आपण." ती झोपेत बडबडते, असं तो समजत होता.