एका नेलकटरची जंतांशी गाठ

अहो, जरा हात पुढे करा बघू. हं, आता उलटा करा. बरंय, फार काही वाईट नाही. करंगळीचं नख तेवढं वाढलंय. रागावू नका, मला सवयच लागलीय. मी नेलकटर बोलतोय. कुणी समोर आलं की तुम्ही त्याचं तोंड बघता, मी नखं बघतो. आणि नखाखाली काय दडलंय हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. मशीनखाली धाडकन दाबला गेलो, दोन पाती आली, वर एक दांडी आली, आणि पोटात एक बारीक कानस. या कानशीचा उपयोग नखं घासायला असतो म्हणे. आमच्या घरात तिने फक्त डब्यांची झाकणं उघडली. असो.

आम्ही बारा भावंडं एका पुठ्ठ्यावर अडकवलेली, औषधांच्या दुकानात टांगलेली होतो. फार मजेचे दिवस ते! गिऱ्हाईक यायचं, इकडेतिकडे बघायचं आणि हळूच दुकानदाराच्या कानाशी आपलं दुखणं सांगायचं. मी कान टवकारून ऐकायचो. माणसं सर्दी जाहीरपणे सांगतात आणि खाज चोरून सांगतात, हे मला तिथेच कळलं. पुढे हे ज्ञान कामाला येणार होतं, पण तेव्हा मला काय माहीत?

एक दिवस एका बाईने मला विकत घेतलं. घरी नेलं आणि झोपायच्या खोलीच्या खिडकीत, एका बरणीच्या झाकणात ठेवलं. तिथून मला सगळी खोली दिसायची. झालं, मला स्वर्ग दोन बोटं उरला!

घरात माणसं पाच. ती बाई कपडे शिवायची. उजव्या अंगठ्याचं नख तिने मुद्दाम वाढवलेलं, शिवण उसवायला. तिचा नवरा बसगाड्या दुरुस्त करायचा. त्याच्या नखांतलं काळं ग्रीस साबणालाही दाद देत नसे. त्यांची सात वर्षांची मुलगी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. तिचा भाऊ आठ महिन्यांचा, त्याला नुसतंच बाळ. आणि आजोबा.

आजोबांनी चाळीस वर्षं हॉटेलात खोल्या आवरल्या होत्या. निवृत्त झाले तरी हात थांबेनात. रोज सकाळी घरातली सगळी अंथरुणं तेच आवरायचे. चादरीची दोन टोकं धरायची, हात उंच न्यायचे आणि मनगटाला असा काही झटका द्यायचा की, फाट्! चादर हवेत फुगायची, क्षणभर तरंगायची आणि पलंगावर उतरायची ती एकही सुरकुती न पडता. पांघरुणं, उशांचे अभ्रे, बाळाची दुपटी, सगळ्यांना तोच मान. भिंगरी दारात उभी राहून टाळ्या वाजवायची. "आजोबा, अजून एकदा!" आणि आजोबांना तेवढंच हवं असायचं.

आता मुद्द्यावर येतो. भिंगरीची चुळबुळ एकाएकी वाढली. जेवताना एका कुल्ल्यावर बस, मग दुसऱ्यावर बस. झोप धड नाही, सकाळी किरकिर. शाळेतून बाईंची चिठ्ठी आली की मुलीचं लक्ष नाही. आईने दोन दिवस पाहिलं आणि मग ती झोपल्यावर बॅटरी घेऊन बघितलं. पांढऱ्या सुताचे बारीक तुकडे असावेत तसे जंत, आणि वळवळत होते!

"अगं बाई गं!" एवढंच ती म्हणाली.

मला मात्र भलतंच कुतूहल वाटलं. नखांतली माती पाहिली होती, पीठ पाहिलं होतं, खडू पाहिला होता. हे प्रकरण नवीन होतं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून दिलं, असं आईने घरी येऊन सांगितलं. जंताची मादी रात्री बाहेर येते, अंडी घालते, त्याने खाज सुटते. मूल खाजवतं, अंडी नखाखाली जातात, बोट तोंडात गेलं की पुन्हा पोटात. म्हणून मोठ्यांनी आणि भिंगरीने एकाच दिवशी गोळी घ्यायची, पंधरा दिवसांनी पुन्हा एक. बाळ लहान, त्याला गोळी नाही. सकाळी उठल्या उठल्या अंघोळ, चड्डी रोज बदलायची, आणि नखं कायम बारीक.

नखं! ऐकलंत ना? माझी छाती फुगली. दर तीन दिवसांनी माझी ड्यूटी. आईने उसवायचं लाडकं नखसुद्धा कटकन उडवलं. नवरा म्हणाला, "मला कशाला? माझ्या ग्रीसमध्ये जंत जगतील होय?" पण त्यानेही मुकाट्याने हात पुढे केला. आजोबांनीही केला. मी मोठ्या रुबाबात एका हातावरून दुसऱ्या हातावर फिरलो.

आणि इथेच मला एक कबूल करायचंय. मला कुणी धुतलं नाही. भिंगरीची नखं कापली की तसाच मी आजोबांच्या हातात, तिथून तिच्या बापाच्या. माझ्या पात्यांना काय काय चिकटलं असेल, देव जाणे. घर साफ करायला निघालेला मीच बिनअंघोळीचा! आता हसू येतं, पण तेव्हा मला हे सुचलंसुद्धा नव्हतं.

आईने आणखी एक नियम केला, तोही डॉक्टरांना न विचारता. "जंत जाईपर्यंत बाळाला हात लावायचा नाही."

"पण मी हात धुते ना," भिंगरी म्हणाली.

"तरी नाही. त्याला काही झालं तर त्याला औषधही देता येत नाही. लांबून खेळ."

लांबून कसं खेळतात हो बाळाशी? ते बिचारं हात पसरायचं, आणि ही दारात उभी राहून तोंडं वेंगाडून दाखवायची. ते खदखदून हसायचं आणि मग रडायचं, कारण ही जवळ येतच नव्हती. मला फार वाईट वाटायचं.

पंधरा दिवस गेले, दुसरी गोळी झाली. खाज थांबली. आईने नियम सोडायचा विचार केला, आणि आठवड्याभरात ये रे माझ्या मागल्या! भिंगरीची चुळबुळ पुन्हा सुरू.

"बोटं घातलीस ना तोंडात?"

"नाही गं आई."

"मग येतात कुठून? आभाळातून पडतात?"

"खरंच नाही घातली. देवाशप्पथ."

पुन्हा गोळ्या, पुन्हा पंधरा दिवस, पुन्हा गोळ्या. आणि पुन्हा जंत. या खेपेला आईनेही रात्री खाजेने कूस बदलायला सुरुवात केली होती. पण मोठी माणसं सांगतात थोडीच! घरात बोलणं सगळं भिंगरीच्याच हातांबद्दल. "हात दाखव." "हात धुतलेस?" "त्याला हात लावू नकोस." एक दिवस आई वैतागून बोलून गेली, "एवढी कशी गं घाणेरडी तू!" बोलली आणि लगेच जीभ चावली. पण शब्द गेला होता. भिंगरी त्या दिवसापासून हात पाठीमागे धरून चालायला लागली.

मी तिची नखं रोज बघत होतो. तुम्हाला शपथेवर सांगतो, त्यांत काही नव्हतं. इतकी बारीक कापलेली की कडा लाल झाल्या होत्या. मग अंडी राहत होती कुठे? या प्रश्नाने माझं डोकं पोखरलं. नखात नाही, चड्डीत नाही, तर आहे कुठे?

तिसऱ्यांदा दवाखान्यात जायचं ठरलं तेव्हा आईने मला पर्समध्ये टाकलं, डॉक्टरीणबाईंना पुरावा दाखवायला. आजोबाही आले.

"हे बघा," आईने मला टेबलावर आपटलं, "दर तीन दिवसांनी कापतो. पाणी उकळून झालं, संडासाची बैठक रोज घासून झाली, गोळ्या झाल्या. आता करायचं तरी काय?"

डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, घाई नव्हती त्यांना. नखं अगदी नीट कापलेली, मला आवडल्या. त्यांनी आईचं सगळं ऐकून घेतलं आणि भिंगरीकडे वळल्या.

"तू सांग. सकाळी उठतेस, मग काय काय होतं? एकही गोष्ट सोडायची नाही हं."

भिंगरी हात पाठीमागे ठेवूनच म्हणाली, "उठते. अंघोळ करते. तोपर्यंत आजोबा अंथरुणं काढतात."

"कशी काढतात?"

एवढं विचारायचा अवकाश! किती दिवसांनी पोरीचा चेहरा उजळला. "दाखवू? आमचे आजोबा हॉटेलात होते. त्यांच्यासारखं कुण्णाला येत नाही." तपासायच्या टेबलावरची चादर तिने ओढली, दोन टोकं धरली, हात उंच केले आणि मनगटाला झटका दिला. आजोबांइतकी नाही, पण झकास फुगली चादर. "असं! फाट्! सगळ्यांची चादर, पांघरूण, उशी. बाळाचीपण दुपटी."

खिडकीतून ऊन येत होतं आणि त्यात धुळीचे कण गरगरत होते. डॉक्टरीणबाई त्या कणांकडे बघत राहिल्या. मीही बघितलं. आणि माझी पाती उघडीच राहिली. अरेच्चा! रोज सकाळी आमच्या खिडकीतल्या उन्हात हेच तर नाचत होतं, माझ्या अंगावर बसत होतं, पाण्याच्या तांब्यावर, बाळाच्या खुळखुळ्यावर, सगळीकडे! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

"आजोबा," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "ही अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, आणि फार हलकी असतात. चादर झटकली की उडतात. जिथे पडतील तिथे दोन आठवडे जिवंत राहतात. तुमचा दोष नाही. हे सांगायचं राहून गेलं, ते माझंच चुकलं."

आजोबा एकदम बसले. चाळीस वर्षं ज्या हातांचं कौतुक झालं, ते हात त्यांनी मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. आईने तोंडावर पदर धरला. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आणि पोरगी हात मागे का धरतेय?" आईने सांगितलं. तेव्हा त्यांच्या कपाळावर पहिल्यांदा आठी दिसली. "हात धुवून खुशाल घ्यायला हवं होतं तिनं बाळाला. असा नियम मी केलेला नव्हता."



दुसऱ्या दिवशी बाळ सोडून सगळ्यांनी पुन्हा गोळी घेतली. आजोबा नेहमीसारखे अंथरुणापाशी आले. चादरीची टोकं धरली, हात सवयीने वर जायला लागले आणि मध्येच थांबले. मग त्यांनी ती चादर चारी कोपऱ्यांनी आत दुमडली, अगदी हळू, आणि गाठोड्यासारखी उचलून गरम पाण्यात नेऊन टाकली. ओल्या फडक्याने खिडकी पुसली, खुळखुळा धुतला. आणि मलाही साबण लावून उकळत्या पाण्यात सोडलं. माझ्या आयुष्यातली पहिली अंघोळ! चटके बसले, पण काय सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू.

पंधरा दिवसांनी दुसरी गोळी झाली. आणखी तीन आठवडे गेले. भिंगरी एका जागी बसून जेवली. आई शांत झोपली. जंत गेले, नक्की गेले.

एका सकाळी आईने बाळाला उचलून भिंगरीपुढे धरलं. "घे गं. घे तुझ्या भावाला."

भिंगरीने हात आणखी मागे नेले. "नको. मी घाणेरडी आहे."

आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी झाकणात पडल्या पडल्या तडफडत होतो, पण माझं ऐकतं कोण?

आजोबा चादर तशीच सोडून आले आणि गुडघे दुखत असताना तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"भिंगरे, इकडे बघ. ते जंत तुझ्यामुळे परत येत नव्हते. माझ्यामुळे येत होते. रोज सकाळी मीच उडवत होतो घरभर. एवढे दिवस तुला बोलणी खायला लागली आणि डॉक्टरांकडून आल्यावरसुद्धा मी गप्प बसलो. लाज वाटली मला."

भिंगरीने मान वर केली. "पण तुम्ही तर बाळाला घेत होता."

"हो. मला कुणी अडवलं नाही."

"मग तुम्हीपण घाणेरडे?"

"नाही," आजोबा म्हणाले. "चुकलो, एवढंच. घाणेरडं कुणीच नव्हतं."

ती वळली. मग हात धुवायला गेली. फार वेळ धुतले. आली, ओले हात फ्रॉकला पुसले आणि बाळाला घेतलं. एवढं जड झालेलं, तिला पेलवेना, तरी सोडलं नाही. बाळाने तिच्या तोंडाकडे पाहिलं, खिदळलं, तिचं बोट मुठीत पकडलं आणि सरळ तोंडात घातलं.

भिंगरी जागच्या जागी थिजली. तिने आईकडे पाहिलं. आईचा हात झटकन पुढे आला होता. तो तसाच हवेत थांबला, आणि मग तिने तो सावकाश खाली घेतला.

"राहू दे," आई म्हणाली.

आता माझी चकाकी उडालीय, दांडी थोडी ढिली झालीय. अजून मी याच घरात आहे, बाळाची एवढुशी नखंही आता मीच कापतो. कुणाला जंत होतील, कुणाला उवा होतील. मुलं असलेल्या घरात हे चालायचंच. तुमच्याकडे आले तर नखं कापा, चादरी झटकू नका, गोळ्या सगळ्यांनी मिळून घ्या आणि मलाही विसळून ठेवा. पण त्या पोराला घाणेरडं मात्र म्हणू नका. चादरी झटकणं थांबल्यावर जंत पाच आठवड्यांत गेले. त्या पोरीचे हात पाठीमागून पुढे यायला त्याहून जास्त वेळ लागला.