मधल्या ओळीपासून

अकोल्याकडच्या आमच्या मालेगावात टायपिंग शिकायचं तर चांद सरांकडे, असं लोक म्हणतात. तो चांद सर मी. पोरं पाठीमागे मला 'खोका सर' म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. शिकणाऱ्याच्या हातांवर मी पुठ्ठ्याचा खोका पालथा घालतो, दोन्ही बाजूंनी कापलेला. हात दिसेनासे झाले की बोटं शिकतात. नजर समोरच्या कागदावर राहिली पाहिजे. कीबोर्डकडे डोकावलं की मी ओरडतो, आणि माझं ओरडणं बसस्टँडपर्यंत जातं.

धम्मदीपा किन्हीराजाहून सकाळच्या बसने यायची. नर्सिंग झालेली पोरगी. नागपूरच्या एका बाईंकडे फोनवरून जपानी शिकत होती. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची नोकरी होती आणि तिची मुलाखत कॉम्प्युटरवर व्हायची. आधी न पाहिलेला उतारा मोठ्याने वाचून दाखवायचा, मग दिवसभराची नोंद जपानीत टाइप करायची. एकदा ती नापास झाली होती. आता नापास झाली की यादीतून नावच जाणार होतं.

"सर, पोट्टी तुमच्या हवाली," तिची आई लिलाबाई पहिल्याच दिवशी म्हणाली. त्या अंगणवाडीत मदतनीस. "या खेपी जमलंच पायजे."

मला जपानीचा एक शब्द येत नाही. पण इंग्रजी अक्षरं दाबली की पडद्यावर जपानी उमटतं, म्हणजे बोटांचा मामला माझा, भाषेचा तिचा. मधेमधे योग्य चिन्ह निवडायला पडद्याकडे बघावं लागतं, तेवढ्यापुरती मी सूट दिली. नागपूरच्या बाईंनी वीस उतारे पाठवले होते, स्वतःच्या आवाजात वाचून दाखवलेले. रोज एक उतारा आधी मोठ्याने वाचायचा, मग खोक्याखाली हात घालून टाइप करायचा. दोन महिन्यांत पोरगी अशी वाचायला लागली की मी चहाचा कप हातात धरून ऐकत बसायचो. कुठे अडणं नाही, थांबणं नाही. मी छाती फुगवून सगळ्यांना सांगत सुटलो.

मुलाखतीला आठ दिवस उरले होते. त्या सकाळी पंख्याच्या वाऱ्याने तिच्यासमोरचा कागद उडाला आणि टेबलाखाली गेला. मी तो काढायला वाकलो. वर खटखट चालूच होती. मी कागद घेऊन उभा राहिलो, तरी चालूच. चार ओळी झाल्या.

"धम्मदीपा, काय पाहून टाइप करून राह्यली?"

ती थांबली. "येते मले, सर. पाठ हाय."

"किती पाठ हाय?"

"वीसच्या वीस," ती खुशीत म्हणाली.

मी कागद तिच्यासमोर धरला आणि मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "इथून वाच."

तिचे ओठ हलायला लागले, आवाज नाही. ती पहिल्या ओळीपासून मनात म्हणत येत होती. बोटापाशी पोचली तेव्हा आवाज फुटला.

"काहून करतं असं?" मी ओरडलो.

"लहानपणापासून विहारात वंदना मीच घेते, सर. एकदा कानावर पडलं का बसते. मधून कोण सुरू करते?"

मी कागद टेबलावर ठेवला. मीही लहानपणी कुराणातल्या सूरा अशाच पाठ केल्या होत्या. मौलवीसाहेबांनी मधूनच विचारलं की मनातल्या मनात सुरुवातीपासून धावत यायचो. हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. दोन महिने मी तिची बोटं तपासली, डोळे एकदाही तपासले नाहीत. मला माझीच लाज वाटली.

तिने फोनवर नवा उतारा काढला. दोन शब्द वाचले आणि डोळ्यांत पाणी आलं. "मले काहीच येत नाही, सर. आईले काय सांगू?"

तेवढ्यात उकंडराव सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आले. माझं झेरॉक्स मशीन सेकंडहँड, जपानहून आलेलं. त्यानेही तोच मुहूर्त साधला आणि कागद गिळून बसलं. मी झाकण उघडलं, कागद ओढला, तो फाटला, आणि सवयीप्रमाणे ठोसा मारायला हात उचलला.

"थांबा, सर!"

धम्मदीपा डोळे पुसत मशीनसमोर उकिडवी बसली. झाकणाच्या आत एक पिवळं स्टिकर होतं. सहा वर्षं मी ते पाहत होतो, ते वाचायचं असतं हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. ती एकेका अक्षरावर बोट ठेवत गेली. अडली, मागे आली, एक चिन्ह फोनवर शोधलं, पुन्हा पुढे गेली. उकंडराव कंटाळून खुर्चीत बसले.

"कागद... ओढू नका," ती म्हणाली. "हिरवा दांडा... डावीकडं फिरवा."

मी दांडा फिरवला. फाटका तुकडा अलगद बाहेर आला. दरवेळी या कामासाठी मी अकोल्याहून मेकॅनिक बोलवत होतो.

"हे तं मले कोणीच शिकवलं नोतं," धम्मदीपा म्हणाली, आणि हसली.

त्यानंतर आठ दिवस वीस उताऱ्यांना कुलूप. तिने मशीनवरचं एकेक स्टिकर वाचून टाइप केलं. मग रोज नवी बातमी, नवी पाककृती, आणि मी बोट ठेवीन त्या ओळीपासून. पोरगी अडखळायची, चिडायची, मीही चिडायचो. पण मजा यायला लागली होती, दोघांनाही.

मुलाखत माझ्याच कॉम्प्युटरवर झाली. लिलाबाई दाराबाहेर बाकावर होत्या. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही असा भिंतीला चिकटून उभा. पडद्यावर चष्म्यातल्या एक जपानी बाई आणि शेजारी उतारा. धम्मदीपा वाचायला लागली. तिसऱ्या शब्दालाच अडली.

लिलाबाईंनी दारातून मान आत घातली. "सर, घरी तं पान्यासारखी वाचे!" त्या कुजबुजल्या. चेहरा पडला होता. मी त्यांना हातानेच गप्प केलं.

वाचून झालं. बाई काहीतरी बोलल्या आणि पडद्यावरची एक ओळ पिवळी झाली. वरून सातवी, बरोब्बर मधली. तिथून पुन्हा वाचायला सांगत होत्या.

मी धम्मदीपाच्या ओठांकडे पाहिलं. ते मिटलेले होते. तिने पिवळ्या ओळीवर नजर टेकवली, दम घेतला आणि तिथूनच सुरुवात केली. अडखळत.

"आता काहून हासून राह्यले तुमी?" लिलाबाईंनी रडवेल्या आवाजात विचारलं.

"वाचून राह्यली, बाई," मी म्हणालो. "तुमची पोट्टी वाचून राह्यली."